आरशाच्या दोन्ही बाजूंनी उजेड

ओठाच्या डाव्या कडेला पांढरा डाग उमटला, तेव्हा आम्ही शहाद्यात राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हताच, पण मी शाळेत शिकवते, आणि पहिल्या बाकावरची मुलं बाईंच्या तोंडाकडेच बघत असतात. मी डागावर फाउंडेशन लावायला लागले. पुढे घरातही तोंड तसंच ठेवायचे. रात्री दिवा मालवल्यावरच धुवायचे.

लावायचे ते बेसिनपाशी. डोक्यावर पिवळा बल्ब, समोर पारा उडालेला आरसा. तिथे रंग अगदी जुळलेला दिसायचा. एका सकाळी एसटी स्टँडवर उन्हात उभी असताना सोबतच्या बाईंनी रुमाल पुढे केला. "ओठाजवळ हळद लागलीय तुमच्या." मी पुसल्यासारखं केलं आणि दिवसभर फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

संध्याकाळी मावसबहिणीला फोन लावला. तिचं अक्कलकुव्याला पार्लर आहे. ती म्हणाली, "पिवळ्या उजेडात रंग फसवतो गं. पांढरा दिवा घे, आणि डोक्यावर नको लावू, नाकाखाली सावली पडते. तोंडाच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी लाव."

आमचे हे साखर कारखान्यात वायरमन. "आरसा बदलायचाय," एवढंच मी सांगितलं. यांनी कारण विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी खिडकीशेजारी नवा आरसा टांगला, दोन्ही बाजूंना उभ्या ट्यूब बसवल्या, डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांना बटरपेपर चिकटवला. मी नुकतीच न्हाऊन आले होते, तोंडाला काहीच लावलेलं नव्हतं. "बस," म्हणाले, आणि बटण दाबलं.

हनुवटीखाली आणखी एक डाग होता. डोळ्याच्या कोपऱ्यातही फिकट ठिपके दिसत होते. ते मला ठाऊकच नव्हते. मी हाताने तोंड झाकलं.

हे मागे स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते. म्हणाले, "माले ते रोजच दिखस."

"हनुवटीखालचा बी?"

"तो बी. सकायले तू झोपेल ऱ्हास तवय."

"मंग इतला दिन काबर बोलनात नही?"

"तू दपाडी ऱ्हायनी व्हती. मी काय बोलू?"

मला आधी रागच आला. सगळं दिसत असताना हा माणूस माझ्यासमोर बसून रोज जेवत होता. मग वाटलं, मी एवढ्या धडपडीने जे लपवत होते, ते यांनी माझ्यासाठी न दिसल्यासारखं करून सांभाळलं होतं. कुणाचं काम जास्त अवघड होतं, कोण जाणे. त्या दिवशी मी तोंडाला काही न लावताच स्वयंपाक केला. बोलणं नेहमीसारखंच झालं, भाजी खारट झाल्याचंही.

शाळेत जाताना मी अजून लावते. आता रंग उन्हातही जुळतो, आणि कमी लागतो. डाग किती पसरला हे मला वेळेवर कळतं, त्यामुळे डॉक्टरांकडे जायलाही टाळाटाळ होत नाही. घरी आले की आधी तोंड धुते.

हल्ली त्या आरशापुढे हेच जास्त वेळ असतात. परवा मिशी वर करून बराच वेळ निरखत होते. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "हाई मिशी इतली पांढरी कवय व्हयनी वं?"

मी म्हटलं, "माले ते रोजच दिखस."