ड्रायव्हरची सीडी

"अबे, टीव्ही कायले उचलून आणला? नुसता डबा आणाचा असते." चिखलीतला कॉम्प्युटर दुकानवाला माझ्या बापाला म्हणाला. पोरगा माझ्याच वयाचा. आणि माझ्या बापाला 'अबे'. दुकानातले सगळे हसले.

बाबांनी स्क्रीन गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर धरून आणली होती. कीबोर्डसुद्धा आणला होता. चपला बाहेर काढून उभे होते. तेही हसले. त्यांच्या हसण्याचाच मला जास्त राग आला.

बीटी कपाशी पहिल्यांदा चांगली पिकली, त्या वर्षी त्यांनी मला हा जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. पुढच्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग पडला आणि कॉम्प्युटरही बंद पडला. माझी कॉम्प्युटरची परीक्षा तोंडावर आली होती.

विंडोज टाकायची वेळ आली की दुकानवाला गिऱ्हाइकांना बाहेर काढायचा आणि पडदा ओढायचा. मशीनसोबत मिळालेली, आवाज आणि स्क्रीन नीट चालवणारी आमची ड्रायव्हरची सीडी त्याने मागून घेतली, ती परत दिलीच नाही. घरी येऊन पाहिलं तर आवाज बंद, अक्षरं भली मोठी, निम्मी स्क्रीनबाहेर. पुन्हा जीप. या वेळी नुसता सीपीयूचा डबा.

पडदा नीट लागला नव्हता. मी फटीतून पाहिलं. त्याने आमचीच सीडी घातली, एक बटण दाबलं, तोंडात सुपारी टाकली. पुन्हा तेच बटण. नेक्स्ट. नेक्स्ट. बाकी सगळं मशीन आपलं आपण करत होतं. एवढंच? माझ्या अंगाची आग आग झाली. हे तर मला घरी बसून करता आलं असतं. सीडी तेवढी हवी होती.

तो बाहेर आला. मी म्हटलं, "आमची सीडी द्या."

"तुले काय समजते त्यातलं? जाय, कापूस येच."

बाबांनीच त्याच्यापुढे हात जोडले. "लेकरू हाये, साहेब. चाल बाई, जीप निंगून राह्यली."

मी काय करणार होते? सीडी त्याच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली त्याच्या खिशात. आणि माझा बाप त्याच्याच बाजूने. मला रडू आलं, तेही सगळ्यांसमोर. बाहेर जीपवाला हॉर्न मारत होता.

मी डोळे पुसले नाहीत. स्टूल ओढलं आणि काउंटरला खेटून बसले.

"जाऊ द्या जीप, बाबा. सीडी घेतल्याबिगर मी इथून उठत नाई."