मनगटाला काय झालं, ते तिला सांगू दे

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पण बडबडीला शाळा कुठं लागते? सुजलेलं मनगट घेऊन बहीण आली, तशी तिला रिक्षात घालून आमच्या शिरवणे गावातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेली. खुर्चीत टेकायच्या आधीच मी सुरू. "बाथरूममदी पडली हो. लहानपणापासून हिचा पाय घसरतोच."

बाईंनी मनगट बघितलं. बाही वर केली, दंड बघितला, बाही खाली केली. मग मला म्हणाल्या, "तुझा चेहरा लाल दिसतोय. बाहेर सिस्टरकडून बीपी मोजून घे. आधी गप बसायचं, बोललास की आकडा चुकतो."

फुकटात बीपी, मी खूश! बाकड्यावर असा गप बसलो की एक म्हातारी म्हणाली, "लई शिरियस दिसतंय, याला पुढं सोडा रे."

परत आत बोलावलं तेव्हा बहीण रडत होती. "दादा, पडले नाय मी. यांनी मारलं."

मागच्या रविवारी तिच्या घरी मी बिर्याणी हाणली होती. ती डाव्या हातानं वाढत होती आणि मी विचारलं होतं, "काय गं, नवीन फॅशन?" दाजी पण हसले होते.

मी उठलो. "आत्ता सानपाड्याला जातो. दाजीचे दात पाडतो."

खरं तर दाजींनी मला एका हातात उचलला असता.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "तू दात पाडून घरी जाशील. मग तो राग कुणावर काढेल?"

बसलो.

बाई तिच्याकडं वळल्या. "आज घरी जायची भीती वाटते?"

तिनं 'हो' म्हणून मान हलवली.

"मग तुला काय करायचंय? घाई नाही. कुठं कुठं लागलंय ते मी लिहून ठेवते, तुला लागेल तेव्हा माग. पोलिसात जायचं की नाही, तेही तू ठरव."

"ती माझ्याकडं..." मी म्हटलं. बाईंनी नुसतं बघितलं.

बाहेरून कुणीतरी दार ठोकलं. बाई हलल्या नाहीत.

"पोरगी शाळेत हाय," बहीण शेवटी म्हणाली. "हे तिला न्यायला जायच्या आदी मला तिला आणायचीय. मग दादाकडं राहीन."

शाळेच्या गेटवर दाजी अजून पोचले नव्हते. पोरीनं आईच्या मनगटावरची पट्टी बघितली. काय झालं, असं विचारलंच नाही. रिक्षात चढता चढता म्हणाली, "आज तरी मामाकडं राहायचं ना, आई?"