सोनेरी पट्टीचा परवाना

तोकुजी कुमागाईंच्या वाहन परवान्यावर सोनेरी पट्टी होती. म्हणजे वर्षानुवर्षं एकही गुन्हा नाही, एकही दंड नाही. आमच्या मानसशास्त्र विभागात दारू पिणाऱ्या चालकांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा तुलनेसाठी लागणाऱ्या निर्व्यसनी गटात मीच त्यांचं नाव घातलं. कागदावर विश्वास ठेवायची खोड मला तेव्हा होती.

ते सकाळी नऊला आले, बायकोला, मिनेआजींना, घेऊन. आजींचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे. गावातली बस बंद पडलेली, मुलगा लांब, त्यामुळे आजोबांची गाडी हाच त्यांचा आधार होता.

श्वास तपासायच्या यंत्रात रात्रीची दारू दिसली. आजोबा हसले. पहाटे कढत पाण्यात बसलं की सगळी उतरते, अशी आमच्या आकिता प्रांतातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची श्रद्धा. मग त्यांना पडद्यासमोरच्या खोट्या गाडीत बसवलं. रस्त्यात एक पोर आडवं आलं आणि आजोबांनी ब्रेक दाबला, तोही पोर चाकाखाली गेल्यावर.

"तुमच्या यंत्राचा ब्रेक ढिला आहे, पोरी," ते म्हणाले. "माझी गाडी नुसता पाय टेकला की थांबते."

रोज किती पिता, या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, एक सुरई. घरच्या माणसाचा अर्ज वेगळा असतो. त्यात आजींनी लिहिलं होतं, चार.

ही माहिती बाहेर जाणार नाही, असं आम्ही लिहून दिलं होतं. पोलिसांना कळवायची सोय नव्हती. आजोबा टॅक्सीने जायला तयार नव्हते, किल्ली देत नव्हते. मी आजींना बाजूला घेऊन विचारलं, ते गाडी चालवायचे थांबले तर तुम्हाला दवाखान्यात कोण नेणार?

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पण परवा शाळेच्या पोरांच्या रांगेला आमची गाडी घासून गेली. मी ओरडलेसुद्धा नाही. हे म्हणाले, बघ, कशी सफाईने काढली."

त्या दिवशी आजी गाडीत बसल्याच नाहीत. आमच्या विभागाच्या ओसरीतल्या बाकावर बसून राहिल्या. आजोबा बाहेर हॉर्न वाजवत राहिले, मग थांबले, मग आत येऊन त्यांच्या शेजारी बसले. आजींनी तेव्हा अर्जात चार लिहिल्याचं त्यांना सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी परवाना परत केला. त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि बसभाड्यात सवलत मिळाली. गावात बस मात्र नव्हतीच.

आजींना शहरातल्या रुग्णालयात ठेवावं लागलं आणि त्या घरी परतल्या नाहीत. आजोबा दर रविवारी बर्फातून हमरस्त्यापर्यंत चालत, तिथून बस धरून येत. मीही अधूनमधून जात असे. खरं सांगायचं तर अपराधी वाटायचं म्हणून जायचे.

शेवटच्या रविवारी आजोबांनी विचारलंच, "चार का लिहिलंस? दोन लिहिलं असतंस तर आज घरी असतीस."

आजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पाच होत्या," त्या म्हणाल्या. "एक तुमच्या अब्रूसाठी कमी केली."