साळवीच्या हिरव्या सोंगट्या

इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि दिल्लीत द्वारकेला फ्लॅट घेतला. दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे ल्युडोचा डाव पडतो. हसू नका. बर्फातल्या पोस्टवर महिनोन्‌महिने काढलेत की कळेल, ल्युडो हा पोरखेळ नाही.

मेंबर तीन. मी, हवालदार कदम आणि नाईक शेख, तिघंही एकाच प्लाटूनचे. कदम गुडगावला मुलाकडे राहतो, शेख पालमला. शेख प्लाटूनची गाडी चालवायचा. दिल्लीचं ट्रॅफिक आजही त्याला वचकून असतं. लाल रंग माझा, पिवळा कदमचा, निळा शेखचा. हिरवा साळवीचा. त्याच्या सोंगट्या आम्ही मांडतो, हलवत मात्र कोणी नाही.

लान्सनाईक साळवी आमच्यातला चौथा. पोस्टवर असाच डाव रंगला होता आणि गस्तीवर निघायचा हुकूम आला. "माझी पाळी राखून ठेवा. चीटिंग केलीत तर बघा," असं बजावून तो बूट चढवून गेला. दुपारी वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला, "ऑल ओके. ओव्हर." आम्ही निर्धास्त होऊन चहा टाकला. चहा उकळायच्या आत डोंगरावरचा बर्फ सुटून गस्तीवर कोसळला. साळवी परत आला नाही.

तेव्हापासून डाव अर्धवट सोडून कोणी उठत नाही. लाइट जावो, पाहुणे येवोत, फोन वाजो. हा नियम कोणी केला ते आठवत नाही, पण मोडायची छाती कोणाला झाली नव्हती.

त्या शनिवारी सुनंदानं, माझ्या बायकोनं, बटाटेवडे केले होते. कदम वड्यांवर तुटून पडणारा गडी. त्यानं अर्धा खाल्ला आणि बशी सरकवली. थंडी पडायला लागली होती, पंखा बंद होता, आणि ह्याच्या कपाळावर घाम.

"काय रे, बरं नाही का?"

"अ‍ॅसिडिटी आहे, साब. टाका तुम्ही."

मी फासा टाकला. काय पडलं ते बघितलंही नाही. कदम डावा खांदा सारखा चोळत होता. विमान डोक्यावरून गेलं तसं सगळे बोलायचे थांबले, तेव्हा लक्षात आलं की हा तोंडानं श्वास घेतोय.

"चल, डॉक्टरला दाखवू."

"डाव होऊ दे. माझी एकच सोंगटी राहिलीय."

"यार कदम, डाव काय पळून जातोय?" शेख म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, त्यांचा चेहरा बघा. पांढराफटक पडलाय."

मी ड्यूटीवर विचारायचो तसं विचारलं. "कदम, रिपोर्ट."

"ऑल ओके, साब."

ते दोन शब्द ऐकले आणि मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो. मी उठून उभा राहिलो.

"डाव बंद. हवालदार कदम, उठा."

"साब, पण साळवी..."

"हुकूम आहे."

तो उठला, दोन्ही हात टेबलावर टेकून. शेख गाडी काढायला पुढे पळाला. आम्ही लिफ्टनं खाली आलो, तर शेखच्या गाडीसमोर कोणीतरी आपली गाडी आडवी लावलेली. दिल्लीत अशी गाडी निदान न्यूट्रलवर सोडतात, ढकलता येते. ह्या महाभागानं हँडब्रेक ओढला होता. वॉचमन म्हणाला, "बुलाता हूँ, साहब." शेख थांबला नाही. त्यानं सोसायटीच्या फुलझाडांवरून गाडी बाहेर काढली.

मागच्या सीटवर कदमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. सिग्नल लाल झाला की मी त्याची नाडी बघायचो.

"साब, साळवी डाव सोडून उठला आणि गेला. आज मी उठलो."

"गप. डाव सोडला म्हणून साळवी गेला नाही. त्याची ड्यूटी होती म्हणून उठला, आणि ड्यूटीवर गेला. डावाचा काय संबंध?"

इतक्या वर्षांत हे आम्ही एकमेकांना कधी म्हटलं नव्हतं. शेखनं एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताच्या बाहीनं डोळे पुसले.

हॉस्पिटलात कदमला आत नेलं. हार्ट अटॅक होता. मी आणि शेख बाकावर बसलो. दार उघडलं की दोघंही उभे राहायचो, आणि दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारलं की परत बसायचो. शेवटी डॉक्टर आमच्यासाठी आले. "अब ठीक हैं। और देर करते तो मुश्किल था।" शेख बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला.

कदम पुन्हा आला तेव्हा बराच सुकला होता. पट होता तसाच होता. सुनंदानं टेबल आजूबाजूनं पुसलं होतं, सोंगट्यांना हात लावला नव्हता. कदमनं पट बघितला आणि सगळ्या सोंगट्या स्वतःच गोळा केल्या.

"नवा डाव मांडू," तो म्हणाला. मग हिरवा रंग त्यानं सुनंदापुढे ठेवला. "वहिनी, हा तुम्ही घ्या. त्यानं पाळी राखून ठेवायला सांगितलं होतं. आम्ही नुसतीच राखत बसलो."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

बऱ्याच वेळानं तिला सहा पडले. हिरवी सोंगटी घरातून बाहेर आली. "निघाला साळवी," शेख म्हणाला आणि पुढच्याच फेरीत त्यानं ती मारली. सुनंदा दचकली.

"असू दे, वहिनी," कदम म्हणाला. "सोडली असती तर चीटिंग झाली असती. साळवीनं आम्हाला फाडून खाल्लं असतं."

आम्ही हसलो. मग मी फासा उचलून हिरव्यासमोर ठेवला, कारण पाळी साळवीची होती.