फोटोतला घोडा

जुन्या मूकपटांच्या प्रदर्शनात एका फोटोखाली दिग्दर्शकांचं नाव ठळक होतं आणि पुढे नुसतंच ‘बाजूला नायिका’. दिग्दर्शक कॅमेऱ्याला टेकून ऐटीत उभे होते. नायिकेने उन्हाचा अंदाज घेत हात वर केला होता आणि सगळे नट त्या हाताकडे बघत थांबले होते.

“देखणी होती, बघणारच,” मावशी म्हणाली.

“आणि घोडा? तोही तिच्याकडेच बघतोय.”

मावशी हसली. मला हसू येईना. हुकूम कुणाचा चालत होता आणि नाव कुणाचं लागलं?

पुढच्या पाटीवर लिहिलं होतं, नायिकेने लग्नानंतर काम सोडलं. त्यापुढच्या पाटीवर, दिग्दर्शकांनीही त्यानंतर एकही चित्रपट केला नाही.

मावशी वळली आणि पुन्हा त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.