वॉचमनला खुनी करणार नाही

"पहिला संशय कुणावर घेतला, ते सांगा!" लोणावळ्यात कुठल्याही बंगल्यात चोरी झाली की सरांचा हा एकच प्रश्न. काय चोरीला गेलं, हे ते विचारायचेच नाहीत. आणि उत्तर तरी दुसरं काय असणार? मोलकरीण, माळी, नाहीतर वॉचमन. "घ्या!" म्हणून सर कपाळावर हात मारायचे.

सर रहस्यकादंबऱ्या लिहायचे आणि मी त्या तळेगावातल्या माझ्या दुकानात टाइप करायचे. त्यांचा हवालदार तुम्हीही वाचला असेल. तपासाला गेला की बंगल्याच्या मागच्या दारानं शिरतो, आधी स्वयंपाकघरात बसतो. तिथं कामवालीचा कप वेगळा ठेवलेला दिसला की याचा तपास सुरू. लोक म्हणायचे, छान करमणूक होते. करमणूक कसली डोंबलाची! सर मनातून जळत होते, आणि बरोबरच होतं त्यांचं.

प्रत्येक पुस्तकाचा शेवट छापायला देण्याआधी ते लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावात जाऊन वाचून दाखवायचे. ऐकायला बंगल्यांवर राबणारी माणसं. बबनभाऊ वॉचमन सगळ्यांत पुढे. "सर, आमी असं बोलत न्हाई," असं भाऊ म्हणाले की सर तिथल्या तिथं खोडायचे. मला पुन्हा टाइप करावं लागायचं. मी चिडले की म्हणायचे, "अगं, त्यांच्यावर लिहितोय, मग त्यांना नको विचारायला?"

शेवटच्या पुस्तकात खून बंगल्याच्या मालकानं केलेला. प्रकाशक म्हणाला, बंगलेवालेच तर पुस्तकं विकत घेतात, वॉचमनला खुनी करा. सर माझ्याच दुकानातून फोनवर कडाडले, "पुस्तक नाही निघालं तरी चालेल!" नाहीच निघालं.

सर गेले, आणि वर्षाच्या आत पुस्तक बाजारात. खुनी वॉचमन! शेवट बदलून घ्यायला प्रकाशकानं माझ्याकडे माणूस पाठवला होता, त्याला मी हाकलून दिलं. दुसऱ्या कुणीतरी दिला करून. गेलेल्या माणसाच्या नावावर हे खपवायला लाज कशी वाटली नाही मेल्यांना!

बबनभाऊंनी ते लेकीकडून वाचून घेतलं आणि तडक दुकानात आले.

"ताई, आमी ऐकलं तवा मालकानं खून केलता. सरांनी मागनं बदललं व्हय? आमाला न इचारता?"

"सरांनी नाही बदललं, भाऊ!" मी ओरडलेच.

भाऊंनी पुस्तक उलटून पाहिलं.

"नाव तर त्यांचंच हाय," म्हणाले, आणि पुस्तक तिथंच ठेवून निघून गेले.