मिटलेल्या डोळ्यांआड

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मुरुडकडच्या माझ्या शाळेच्या गावात त्या साली पाऊस म्हणून पडला नव्हता. मी नांदेडची, ख्रिस्ती, शाळेत एकटीच बाई. वर्गात येशूचं नाव काढायचं नाही, हे रुजू होतानाच ठरवलं होतं. सरकारी शाळा ती, माझं चर्च नव्हे. पण दुपारी डबा उघडला की डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. बापाच्या मांडीवर लागलेली सवय, ती काय सुटते! हळूहळू पोरंही डोळे मिटायला लागली. मी त्यांना ना सांगितलं, ना अडवलं.

काही पोरं डबा न आणताच यायची. माझ्यातली भाकर देऊ केली की भूक न्हाई म्हणत मान फिरवायची. अलीकडे मात्र त्यांच्यापुढंही भाकर दिसायची. घरी चूल पेटत असेल, म्हणून मी निर्धास्त होते.

आणि व्हायचं तेच झालं. बाई पोरं बाटवायलीय, असं कुणीतरी थेट लातूरला जाऊन सांगितलं. शिक्षण खात्याचे साहेब जीपनं आले, तेही नेमके जेवायच्या सुट्टीत. नोकरी गेली तर घरी आईनं खायचं काय? एरवी मी तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी नुसता डबा उघडला आणि सवयीनं डोळे मिटले.

साहेबांनी पोरांना डोळे मिटताना पाहिलं. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीला जवळ घेऊन, बाई काय म्हणायला लावतात, असं विचारलं.

"कायबी न्हाई," ती म्हणाली. "ज्यांच्याकडं डबा न्हाई ते डोळे मिटतेत. तेवढ्यात आम्ही त्यांच्यापुढं भाकर ठिवतो. कुणी ठिवली ते दिसत न्हाई, मंग त्यांला लाज वाटत न्हाई."

मी चाट पडले. म्हणजे इतके दिवस वर्गात डोळे खरे मिटायचे ते उपाशी पोरांचे आणि माझे! दान गुपचूप करावं, हे मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले होते. या लेकरांना ते कुणी शिकवलं होतं? देवा, तुझे लई उपकार, एवढंच मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

साहेब उठले. जीपकडे जाताना म्हणाले, "बाई, चालू द्या."

दुसऱ्या दिवसापासून मी आभार जरा सावकाश मानायला लागले. पोरांची घाई व्हायला नको.